मागची जागा, वांग्याचे बी आणि सुमीतची गाडी

मी, श्रीमती भागीरथा नत्थूजी कामडी, वय ७२, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार पिपरी मेघे, वर्धा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मुलाला याविषयी शंका असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर मुलगा सुमीत याला. मोरीतला नळ सहा वर्षांपासून "उद्या पाहतो" या अवस्थेत गळतो आहे, तोही त्यालाच.

२. बँकेतली ठेव आणि पाटल्या मुलगी वर्षाली हिला. ती पुण्यात महागाची वांगी विकत घेऊन मला त्यांचे फोटो पाठवते. लोणच्याच्या चारही बरण्या, कोहळ्याचे सांडगे आणि वाळवलेल्या गवारीचा डबाही तिलाच द्यावा. त्यांचे फोटो नाही काढले तरी चालेल, खावे.

३. घरामागची वीस बाय तीस फुटांची जागा. एकतीस वर्षे मी तिथे भाजी लावते. सुमीतच्या मते तिथे "काहीच नाही", म्हणून त्याला फरशी बसवून गाडी उभी करायची आहे. ते "काहीच नाही" तो दोन वेळा पोळीसोबत खातो.

वांग्याचे बी माझ्या सासूबाईंनी दिलेले. बियाण्यासाठी राखलेल्या वांग्याला आम्ही लाल दोरा बांधतो. ते झाडावरच पिवळे पडू द्यायचे, कोणी हात लावायचा नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी आठ दिवस दवाखान्यात होते, तेव्हा चिरंजीवांना जन्मात पहिल्यांदा बाग साफ करण्याची हौस आली. दोऱ्याची सगळी वांगी सडकी समजून त्यांनी कचऱ्याच्या बादलीत टाकली. घरात जुने बी चिमूटभरही उरले नव्हते. मी रडले. सुमीत म्हणाला, "आई, बाजारात पाकीट भेटते ना!"

४. शेजारीण सुलोचनाबाई. अकरा वर्षांपूर्वी मी हिंगणघाटला लग्नाला गेले, तेव्हा गच्चीवरच्या मुंगवड्यांवर लक्ष ठेवायचे त्यांनी कबूल केले आणि मालिका पाहत बसल्या. वड्या वानरांनी खाल्ल्या. तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. ऑपरेशननंतर महिन्याभराने त्यांनी भिंतीवरून एक पुडी पुढे केली. आत राखेत घोळलेले बी.

"तुमच्या पोरानं फेकलतं, मी उचललं. आता बोलाचं असन तं बोला, नाई तं राहू द्या."

मी बोलले. वानरांना मी माफ केले आहे. सुलोचनाबाईंचा विचार अजून चालू आहे.

५. तरीही मागची जागा त्यांनाच द्यायचे मी ठरवले. तर म्हणाल्या, "मी तुमच्याहून दोन वर्सानं मोठी. मले काऊन देऊन राह्यल्या? पोराले शिकवा."

सबब, सुमीत स्वतः रोप लावून, त्याच्या वांग्यांचे बी धरून सुलोचनाबाईंना दाखवेल आणि त्या पसंत करतील, तोपर्यंत जागेचा ताबा त्यांच्याकडे राहील आणि गाडी रस्त्यावर. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा वकिलांचा सल्ला असल्याने सुलोचनाबाईंची सही घेतलेली नाही. त्या रुसल्या आहेत.

६. हा मसुदा काल सुमीतने वाचला. "घर माझं अन् ताबा त्यायचा?" म्हणत चिडून दारापर्यंत गेला. तिथून वळून विचारले, "बी कोणत्या महिन्यात टाकाचं?"

बेचाळीस वर्षांच्या मुलाने बागेबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. "मृगात," एवढेच मी म्हणाले.

कलम पाच त्यामुळे बदललेले नाही. लवकर मरण्याचा विचार मात्र मी रद्द केला आहे. यंदा त्याला रोप कसे टाकायचे ते दाखवायचे आहे.

साक्षीदार:
१. अण्णाजी ढगे, सिंदी मेघे (सही)
२. दिपाली निस्ताने, नालवाडी (सही)

लिहून ठेवणार: भागीरथा नत्थूजी कामडी (सही)
ठिकाण: पिपरी मेघे, वर्धा
दिनांक: ९ मे २०२५