आखाडा मी बनवला न्हाई

मुक्काम वसमत, मोंढा रोड
गुरुवार, दुकान बंद

तीर्थस्वरूप शकुआक्का,

दोन्ही हात जोडून, आणि या खेपेला मान खाली घालून, धाकट्या मुंजाजीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? औंढ्याच्या डॉक्टरनं दिलेलं तेल लावतेस का नुसतं शिशीकडं बघतेस? दाजींची शुगर आटोक्यात आहे ना? लाल गाय गाभण आहे असं कळलं (तुझ्याकडून न्हाई, दुसरीकडून कळलं). इकडं सगळे मजेत आहेत, मी सोडून.

पत्र पाहून तू म्हणशील, आजच्या काळात हा पत्र काहून लिहून राहिला? तर आक्का, सतरा दिवसांत मी तुला एकोणतीस फोन लावले. पहिले चार वाजून वाजून थांबले, पुढचे दुसऱ्या घंटीलाच कट झाले, आणि आता तर घंटीच वाजत न्हाई. म्हणजे तू माझा नंबरच बंद केलास. (हे तुला कोणी शिकवलं? परवापरवापर्यंत तुला फोटो पाठवता येत नव्हता.) दाजींना लावला तर ते म्हणतात मी शेतात आहे, आणि मागून टीव्हीवरची सासू सुनेला बोलून राहिलेली मला बराबर ऐकू येते. टपालवाल्याला मात्र कट करता येत न्हाई. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड.

तुला अर्धी गोष्ट ठाऊक आहे आणि तेवढ्यावरच तू एवढी तापलीस. पूर्ण सांगतो, मग नीट ताप. आपल्या दुकानाला बावीस वर्षं झाली. लोकर, मणी, लेस, कुंदन, घोटीव कागद, पुठ्ठा, डिंक. तालुक्यातल्या किती पोरींचं रुखवत माझ्या दुकानातल्या सामानावर उभं राहिलं याची मोजदाद न्हाई. पण आता पोरी येतात, लोकर गालाला लावून बघतात, रंगाचा नंबर टिपून घेतात आणि घरी जाऊन मोबाइलवरून मागवतात. गेल्या दिवाळीत एकीनं तर नंबर लिहायला कागद माझा घेतला, पेन माझं घेतलं, आणि पेन परतसुद्धा दिलं न्हाई. माझं डोकं फिरलं. म्हटलं, गिऱ्हाईक मोबाइलमध्ये जाऊन बसलं असेल तर मुंजाजीपण तिथंच दुकान मांडणार. शेजारी मोबाइल दुरुस्तीवाला धनसिंग आहे. त्याचं म्हणणं पडलं, मामा, तिथं एक बाजार न्हाई, लई आहेत, कुठं बसायचं ते बघून ठरवा. मी म्हटलं, आठवडी बाजारात जागा कशी धरायची हे मला शिकवू नको. तिथंच माझं चुकलं, शिकून घ्यायला पाहिजे होतं.

पहिला बाजार सगळ्यात मोठा. सुईपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत सगळं तिथं. त्यांची अट एकच की मालाचा फोटो पांढऱ्याशुभ्र कापडावर काढायचा. आता घरात पांढरंशुभ्र काय, तर तुझ्या प्रतिक्षाच्या लग्नात तुमी मला आहेर केलेलं धोतर. ते भिंतीला लावलं, पुढं लोकरीचे गुंडे मांडले, धनसिंगनं फोटो काढले. महिनाभरात तीन जणांनी विचारणा केली आणि तिघांनीही धोतराचा भाव विचारला. एक नाशिकची बाई तर काठ किती इंची आहे तेही विचारून राहिली. (धोतर दिलं न्हाई, आहेराची वस्तू आहे. एवढी अक्कल अजून शाबूत आहे.) त्या बाजारात दिल्ली-सुरतेचे व्यापारी लोकर अशा भावानं विकतात की मीच त्यांच्याकडून घ्यावी. तिथून उठलो.

दुसरा बाजार स्वस्ताईचा. तिथं मणी ठेवले. तुला माहीत आहे, आपल्याकडं बाई मणी घ्यायला आली की मापून झाल्यावर वरून एक मूठ घालावी लागते, त्याशिवाय ती पायरी उतरत न्हाई. हात तसाच बसलेला. प्रत्येक पुडक्यात मी वरून मूठभर मणी टाकत गेलो आणि दर खेपेला त्यांचा दंड येत गेला, की कळवलेल्या वजनापेक्षा पुडकं जड आहे. मी त्यांच्या माणसाला फोनवर हिंदीत सांगितलं, भाई, ज्यादा दिया है, कम नहीं. त्यानं थंडपणे विचारलं, का दिलं? आक्का, उभ्या जन्मात मला कोणी हे विचारलं नव्हतं. कमी मापाची भांडणं दुकानात रोज होतात, जास्त मापापायी मी पहिल्यांदाच गुन्हेगार ठरलो. तिथूनही उठलो.

आता तिसरा बाजार, म्हणजे जिथं तुझ्या भावानं तोंड काळं केलं तो. हा नुसता हातकामाच्या वस्तूंचा. गिऱ्हाईक पुण्या-बंगळूरचं, सभ्य, भाव करत न्हाई, दोऱ्याला दोरा न म्हणता छान छान नावं देतं. सामानही विकता येतं, पण नियम असा की सामान विकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं बनवलेली एक तरी वस्तू दुकानात ठेवली पाहिजे. नियम वाजवी आहे. अडचण माझी होती. बावीस वर्षं डिंक विकला, पण डिंकानं मी आजवर दोन कागद सरळ चिकटवले न्हाईत. आणि मोबाइलमध्ये फोटो चाळता चाळता पुढं आला प्रतिक्षाच्या रुखवतातला आखाडा.

तू म्हणशील, मला काय सांगतोस, माझ्याच घरात सहा महिने पसारा होता. तरी सांगतो, कारण त्या फोटोकडं मी किती वेळ बघत बसलो होतो ते तुला कळावं. दाजींचा शेतातला आखाडा, गोठ्या-विहिरीसकट, पोरीनं जसाच्या तसा पाटावर उतरवला होता. लोकरीच्या पानांचं लिंबाचं झाड, काडेपेटीच्या काड्यांची गव्हाण, विहिरीला मोजून अकरा पायऱ्या, पिवळ्या मण्यांची वाळत घातलेली हळद, आणि तिच्यावर राखण करणारं एका कानाचं कुत्रं. लग्नात वऱ्हाड जेवायचं सोडून तिथंच उभं होतं. मीही उभा होतो आणि दर माणसाला सांगत होतो, सामान आपल्या दुकानातलं आहे. तोच फोटो मी त्या बाजारात चढवला. पुढं प्रश्न आला, हे तुमी स्वतः बनवलं का? तिथं माझा अंगठा घसरून 'हो'वर पडला. माझे अंगठे जाड आहेत हे तुला लहानपणापासून माहीत आहे. पुढं विचारलं, मागणीनुसार बनवून द्याल का? तिथंही घसरला. मग म्हणे, बनवणाऱ्यानं आपली हकीकत दोनशे शब्दांत लिहावी.

असो. महिन्याभरात सामानाच्या नऊ ऑर्डरी आल्या. दुकानात मी धनसिंगला चहा पाजला, घरी श्रीखंड आणलं. आणि तिकडं गोरेगावात प्रतिक्षाच्या नणंदेनं, प्रियदर्शनीनं, स्वतःच्या लग्नाच्या रुखवताला काय करावं म्हणून मोबाइल उघडला, तर तिच्यापुढं तिच्याच वहिनीचा आखाडा आला, आणि खाली बनवणाऱ्याचं नाव मुंजाजीमामा, वसमत.

पुढचं तुला माहीत आहे. तातेराव व्याही तो आखाडा बैठकीतल्या शोकेसमध्ये ठेवून आल्यागेल्याला दाखवायचे की आमच्या सुनेच्या हातचा आहे. तो त्यांनी उतरवून माळ्यावर ठेवला. कोणी भांडलं न्हाई, कोणी पोरीला टाकून बोललं न्हाई. फक्त आता पाहुणे आले की तिच्या हातच्या कुठल्याच गोष्टीचं नाव निघत न्हाई, स्वयंपाकाचंसुद्धा. लग्नाला तीन महिने झालेल्या पोरीला सासरी एवढीच कमाई होती, आणि ती तिच्या मामानं घालवली. अंतरपाटाच्या वेळी तिच्या पाठीशी मी उभा होतो आक्का. त्या दिवशी तिची पाठराखण केली आणि नंतर हे केलं. फोटो मी काढून टाकला, दुकानाचं पानच बंद केलं. पण माळ्यावर गेलेला आखाडा त्यानं खाली येत न्हाई.

मला लाज वाटते. दुकानात बसतो तर रुखवताचं सामान मागणाऱ्या पोरीच्या तोंडाकडं बघवत न्हाई. तू शिव्या दे, पण फोन घे. दाजींना नमस्कार सांग, गाईची काळजी घे, तेल लाव.

तुझा, सध्या स्वतःला भाऊ म्हणवायला कचरणारा,
मुंजाजी

ता. क. एक गोष्ट वर राहून गेली. राहून गेली म्हणजे मी ठेवली. हे उघडकीला आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा मला फोन आला. मी घाबरत उचलला. त्या म्हणाल्या, मामा, तुमच्या हातात एवढी कला आहे हे आमाला माहीतच नव्हतं, आमच्या प्रियदर्शनीलापण असाच आखाडा करून द्या. आक्का, तिथं खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, आपलं असंच, रिकाम्या वेळात करत असतो. आणि दिवाळीपर्यंत देतो म्हणून कबूल झालो. अकरा दिवस बसलो. झाड तीन वेळा पडलं. विहीर म्हणून जे झालं त्यात घरच्यांनी उदबत्त्या लावल्या.

ता. क. दुसरा. अंगठा घसरला नव्हता. तू ओळखलंच असशील, दोनशे शब्दांपर्यंत कोणाचा अंगठा घसरत न्हाई. मी लिहिलं होतं की वडिलांच्या आठवणीत सहा महिने खपून मी हे केलं. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, एवढं ते मला खरं वाटून राहिलं होतं. आणि तू समजतेस तशी प्रतिक्षा गप्प बसलेली न्हाई. सासूनं तिच्यापुढं मोबाइल धरून विचारलं, तर तिनं ते वाचलं आणि सांगितलं, व्हय, मामानंच बनवला. हे मला तिच्या नवऱ्याकडून कळलं. मी तिला फोन करून विचारलं, बाई, काहून असं बोललीस? ती म्हणाली, "मामा, दोघांतलं एक खोटं पडणारच होतं. माझं लग्न होऊन गेलंय, तुमचं दुकान आता कुठं मार्गाला लागून राहिलं होतं." हे आईला सांगू नका म्हणून तिनं मला शपथ घातली. ती मी इथं मोडली.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच आहे. पाकीट डकवायच्या आधी, आज सकाळी, मी धीर करून विहीणबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, की आखाडा पोरीनं बनवला, मी खोटारडा आहे, मला काडीला काडी लावता येत न्हाई. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मामा असावा तर असा. भाचीची बाजू पडू नये म्हणून स्वतःचं काम तिच्या नावावर करून राहिलात." मी परत सांगितलं, शपथ घेतली. तर त्या मला जास्तच वाखाणू लागल्या. म्हणजे आता माझं खरंही तिथं माझ्याच मोठेपणात जमा होतं.

म्हणून पंचमीला प्रतिक्षाला आणायला मुराळी कोण जाणार ते तुमी ठरवलं असेल, तर बदल आणि मला पाठव. आदल्या दिवशी जातो. काड्या, लोकर, मणी, डिंक, सगळं पिशवीत घेऊन. तातेरावांच्या बैठकीत, घरच्यांच्या देखत, पिशवी पोरीपुढं ठेवीन. तिनं एक लिंबाचं झाड उभं केलं तरी पुरे, पुढं कोणी विचारणार न्हाई. मी तोंड उघडणार न्हाई, नुसती कात्री हातात देईन. पण माझ्यापायी तिनं एवढं तरी काहून करावं? मला तिला विचारायचं धाडस न्हाई, तू विचार. ती हो म्हणेल. एका शब्दानंही मला न दुखवता हो म्हणेल, आणि आक्का, मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटून राहिली.