नाव न घेता लागणारा दिवा

एने,

मी बाजारात जाऊन येते. बोरसोक तळून झाकून ठेवलेत, चहा थर्मासमध्ये आहे. जेवायच्या वेळी बिश्केकहून तुमचे थोरले, माझे मोठे दीर, येतील. तुम्ही दिवसभर इथे एकट्या राहू शकता, हे त्यांना पटलं नाही तर ते तुम्हाला घेऊनच जाणार. गॅस उघडा राहिला तर आता आपोआप बंद होतो, नेट गेलं तरी होतो, म्हणून तर घर सांभाळणारं हे यंत्र निवडलं. तेवढं त्यांना मुद्दाम दाखवा.

बोलून लावायच्या दिव्याची आता काळजी नको. आमच्या ह्यांनी, तुमच्या धाकट्याने, प्रेमापोटी बैठकीच्या खोलीला वडिलांचंच नाव दिलं. ते नाव बायको घेत नाही, सून घेत नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही! आपण दोघी सासू-सुना आठवडाभर अंधारात धडपडलो. मी ‘मोठ्यांची खोली’ म्हणायचे, की यंत्र म्हणायचं, ‘अशी खोली नाही.’

काल माझ्या हातात उकळत्या सुपाचं पातेलं होतं. मला भाजू नये म्हणून तुम्ही आतून ते नाव घेतलंत, लग्नानंतर पहिल्यांदाच. दिवा लागला आणि तुम्ही डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढलात.

फोनवर बघून वायरी जोडायला शिकलेल्या सुनेला तुम्ही भिंतीला भोकं पाडू दिलीत. सकाळी मी त्या खोलीचं नाव बदललं. आता तुम्ही नेहमी म्हणता तसं ‘आमचे म्हातारे’ म्हणा. वैतागून म्हटलं तरी लागतो. तुमची नक्कल करून पाहिलं.

थोरल्यांसमोर जरा ठसक्यात म्हणा. मला तुम्ही इथेच हव्या आहात.

बुरुल