मावशीचा तीळ नेमका कुठल्या गालावर

ती. ताईस,

फोटोवाल्या मावसभावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा एकदोन अंगं कमी समजावीत.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला? इकडे सगळे खुशाल. फक्त तुझे आईवडील एकमेकांशी बोलेनासे झाले होते, आणि त्याला मी कारणीभूत, असं तुला फोनवर कळलंच असेल. ती एक बाजू झाली. ही दुसरी.

मावशीला बाहेरच्या खोलीत लावायला स्वतःचा मोठा फोटो हवा होता. मी तिच्या घरी जाऊन, घड्याळाखाली बसवून काढला. न्यायला दुकानात आली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "ही कोण बाई?" तीळ भलत्याच गालावर, भांग भलतीकडे, नाक तर कुणाचं तरी उसनं आणलेलं! मी म्हटलं, मावशी, तू जन्मभर स्वतःला आरशातच बघितलंस. माणूस समोर उभा राहतो तो आपल्याकडे वळून, म्हणून त्याचा डावा गाल आपल्या उजव्या हाताला येतो. आरशातली तू काही वळून उभी नसतेस. तुझ्या डाव्या गालासमोर काचेत तोच गाल, जिथल्या तिथे. आरसा डावं-उजवं करत नाही, पुढचं तेवढं मागे करतो. (हे आरशासमोर कंगवा नाचवून दाखवावं लागलं. एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.) "म्हणजे लोकांना मी अशी दिसते?" असं म्हणून तिनं जे डोळ्यांतून पाणी काढलं, ते मला बघवेना. मी फोटो आरशातल्यासारखा उलटा छापून दिला.

मावशी खूश. फोटो भिंतीवर चढला आणि काका फिरून आले. बराच वेळ बघून म्हणाले, "तुझी आणखी एक बहीण आहे होय?" (माझ्या आईला ते ओळखतात.) त्यात फोटोतलं सव्वातीनचं घड्याळ पावणेनऊ दाखवू लागलेलं. पावणेनऊला मी घरातच असतो, मग मला का नाही बोलावलं, हा काकांचा वेगळा तंटा. मावशी म्हणाली, इतक्या वर्षांत बायकोचा तीळ कुठे आहे तेही ठाऊक नाही! काका म्हणाले, ठाऊक आहे म्हणूनच बोलतोय! त्यानंतर सगळे निरोप माझ्यामार्फत.

परवा मावशी आरशासमोर केस विंचरत होती, मी समजूत घालत होतो, आणि काका कंगवा हवा म्हणून तिच्या मागे येऊन उभे राहिले. मावशीनं काचेत त्यांच्याकडे बघितलं. "अहो, तुमचं नाक या बाजूला कधी वाकलं?" काकांनी काचेतल्या तिच्याकडे बघितलं. "अगं, हीच की भिंतीवरची बाई!" दोघं इतकी हसली की मला पाणी आणावं लागलं. मग काका हळूच मला म्हणाले, "मला मात्र तो पहिला फोटो दे. मी जिच्याबरोबर राहिलो, ती त्यात आहे." आता तो त्यांच्या उशाशी असतो. मावशी त्याला नावं ठेवत रोज पुसते.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. मावशीनं घरातले सगळे जुने फोटो 'सरळ' करायला माझ्याकडे पाठवले आहेत, त्यात तुझ्या लग्नाचेही आहेत. 'माझे आहेत तसेच राहू दे' एवढा फोन तिला आजच कर, नाहीतर मागच्या फलकावरची तुमची नावं उलटी वाचावी लागतील.

आणखी एक ता. क. : दुकानाच्या पाटीवर माझा फोटो लावला आहे. तो मी उलटाच छापला. लोक काहीही म्हणोत, मी दिसतो तो असाच.