छाती स्वच्छ

दि. ४ जानेवारी

ती. आजीस, आणि हे वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या टाइपिस्टबाईंस, सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. रेंज नाही म्हणून मी दोन महिने सांगतेय ते खोटं आहे. फोनवर तू काय बोलतेस ते मला नीट ऐकू येत नाही.

वॉर्डातल्या रुग्णांकडून मला टीबी लागला. साध्या गोळ्यांना दाद न देणारा. जुलैत रोजचं एक इंजेक्शन चालू झालं. थुंकी स्वच्छ झाली, आमच्या विभागप्रमुख मॅडमनी कामावर परत घेतलं. पण हे इंजेक्शन कान खातं. आधी घड्याळाची टिकटिक गेली, आता स्टेथोस्कोपमधलं हृदय जायला लागलंय. जूनमध्ये माझी एम.डी. मेडिसिनची परीक्षा. परीक्षक रुग्णापुढे उभं करतात आणि छातीत काय ऐकू आलं ते विचारतात. मी काय सांगू?

म्हणून पंधरा दिवसांपूर्वी इंजेक्शन बंद केलं. गोळ्या घेतेय. इंजेक्शनाच्या कार्डावर रोजची खूण मात्र मीच करते. मॅडमना सांगितलं तर त्या परीक्षेला बसू देणार नाहीत. तू मला वाढवलंस, तुझ्याशिवाय सांगायला कुणी नाही.

लोभ असू दे, रागासकट चालेल.

तुझी,
खारू

दि. ११ जानेवारी

चि. खारूताईस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

टाइपिस्टबाईंनी तुझं पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, मी बहिरी नाही. लिहा हो तेही, खोडू नका. या बाईंना माझं बोलणं इस्त्री करायची खोड आहे. मी मूर्ख म्हटलं की त्या अविचारी लिहितात. तू मूर्ख आहेस. हा शब्द त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलाय.

बत्तीस वर्षं मी इस्पितळात आया होते. बरं वाटलं की औषध सोडणारी माणसं पाहिलीत, आणि परत येतात तेव्हा कशी येतात तेही. खाटेवरून उचलताना हाताला वजन लागत नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. मला अक्षर येत नाही हे मी तिथं लपवलं होतं. पाट्या रंगावरून ओळखायची. एकदा एका खाटेला नवीन पाटी लागली. त्या बाईचं ऑपरेशन होतं, पोटात काही द्यायचं नव्हतं. ती म्हणाली घसा सुकलाय. मी चहा दिला, वर दोन बिस्किटं. भूल दिल्यावर उलटी झाली, ती छातीत गेली. बाई टेबलावरून परत आली नाही. बोलणी सिस्टरांनी खाल्ली. मी शेजारी फरशी पुसत होते. पाटीवर काय लिहिलंय, एवढं कुणाला विचारलं असतं तर फक्त माझी लाज गेली असती.

टाइपिस्टबाई लिहायच्या थांबल्यात. आता लिहा.

मॅडमना सांग. आजच सांग. परीक्षा काय, दरवर्षी असते.

लोभ आहेच. तो ठेवून घ्यायला तू शिल्लक हवीस.

तुझी आजी
(हात टाइपिस्टबाईंचा)

दि. २० जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

परीक्षा दरवर्षी असते, आजी, कान नसतात. छत्तीस छत्तीस तासांच्या ड्युट्या केल्या, प्रबंध तीनदा लिहिला, ते बहिरी डॉक्टर म्हणून घरी यायला नाही.

काल वाईट झालं. दम लागलेल्या एका सुताराची छाती तपासली. काही ऐकू आलं नाही, म्हणून कागदावर लिहिलं, छाती स्वच्छ. दोन तासांनी माझ्या ज्युनिअरनं पाहिलं तर दोन्ही फुप्फुसांत पाणी. तिनं धावपळ करून त्याला वाचवलं आणि माझी ओळ गुपचूप खोडली. सुतार मला हात जोडतो. त्याला वाटतं, मीच वाचवलं.

फक्त जूनपर्यंत. तुला माझी शपथ आहे, कुणाला सांगू नकोस.

लोभ कमी करू नकोस.

खारू

दि. २५ जानेवारी

आदरणीय मोठ्या डॉक्टरीणबाईंस एका म्हाताऱ्या आयाचा नमस्कार. वि. वि.

माझी नात तुमच्या हाताखाली एम.डी. करते, टीबीतून उठलेली. तिनं डिसेंबरापासून इंजेक्शन बंद केलंय. कार्डावरच्या खुणा खोट्या आहेत. तिचे कान गेलेत आणि ती ते लपवते. एका रुग्णाचं थोडक्यात निभावलं. पुढच्याचं निभावेलच असं नाही.

तिनं मला शपथ घातली होती, ती मी मोडतेय. तिला रागवा, ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रागवा. पण हाकलू नका. दहा वर्षांची होती तेव्हा घड्याळ लावून माझी नाडी मोजायची आणि गंभीर चेहऱ्यानं सांगायची, की आज काही मी मरत नाही.

टाइपिस्टबाई म्हणतात, अर्जात असलं लिहीत नाहीत. हा अर्ज नाही. मी पदर पसरतेय.

माझ्यावर नसली तरी तिच्यावर कृपा असावी.

खारूची आजी

दि. १८ फेब्रुवारी

आजीस,

तू सांगितलंस. मॅडमनी पत्र माझ्यापुढे ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, नोव्हेंबरात कानांचं सांगितलं असतंस तर तेव्हाच इंजेक्शन बदलून दुसऱ्या गोळ्या दिल्या असत्या, निम्मे कान राहिले असते.

थुंकीत जंतू परत आलेत. मला वेगळ्या खोलीत ठेवलंय. दाराला काच आहे, त्यातून सगळे हात हलवतात. जूनची परीक्षा गेली. मी ज्यांना ज्यांना तपासलं त्या सगळ्यांना बोलावून त्यांची टीबीची तपासणी चाललीय. सुताराचीही. नव्या गोळ्या दीड वर्ष घ्यायच्यात. कालच्या गोळ्या तशाच बशीत पडून आहेत.

मला पत्र पाठवू नकोस. आलं तरी फोडणार नाही.

दि. २५ फेब्रुवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू हे वाचणार नाहीस, तेव्हा मोकळेपणानं बोलते. टाइपिस्टबाई विचारतात, मग लिहायचं कुणासाठी. त्यांना म्हटलं, तुम्ही सरकारी कागद तीस वर्षं टाइप केलेत, ते तरी कोण वाचत होतं?

शपथ पुन्हा घातलीस तर पुन्हा मोडीन. चूक झाली ती वेगळीच. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मॅडमना लिहायला हवं होतं. मी तुझ्या शहाणपणाची वाट पाहत बसले आणि तेवढ्यात तो सुतार तुझ्यापुढे आला. त्याची तपासणी काय निघते, ते मॅडमनी कळवलेलं नाही. रोज टपालाच्या वेळेला मी जिन्यात येऊन बसते.

हे पाकीट रजिस्टरनं पाठवतेय. यापुढे दर सोमवारी एक. तुझ्या सहीशिवाय ते पोचत नाही, आणि सहीची पोचपावती माझ्याकडे परत येते. पोस्टात बाईंनी नीट विचारून घेतलंय. मला अक्षर येत नाही, पण शेवटी ती लांब रेघ ओढतेस ना, घाईत दार लावल्यासारखी, ती मी शंभरांत ओळखीन. हात थरथरला तर तेही कळेल.

पाकीट फोडू नकोस. उत्तर देऊ नकोस. लोभही तूर्त राहू दे बाजूला.

गोळ्या गीळ आणि सही कर.

तुझी आजी