दिवाण कोणाच्या मागं गेला होता

तांबडवाडी, ता. नायगाव
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

चंद्रप्रभाताईंना पुनमचा नमस्कार.

लातूरला तुमचं, मिहिरचं, सूनबाईंचं बरं असेल. इकडं पाऊस बरा आहे. मूग काढणीला आलाय, सोयाबीन कमरेला लागलंय. ह्यांची पाण्याच्या टाकीवरची ड्यूटी चालूच आहे.

दिवाण बरा आहे. आठ दिवसांमागं तुमचा फोन आला तेव्हाही मी बरा आहे म्हणाले होते. ते खरं नव्हतं. त्या दिवशी तो घरात नव्हता. तीन दिवस सापडत नव्हता. आता सापडलाय, खातोय, पितोय, हे पत्र लिहिताना माझ्या पायापाशीच लोळून राहिलाय. म्हणून काळजी करू नका. पण तो कुठं सापडला ते फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून कागद घेतला.

ताई, तुम्ही जाताना त्याची साखळी माझ्या हातात दिली न् म्हणालात, "गावात आता तुझ्याशिवाय कोणावर भरवसा न्हाई." सव्वा वर्ष झालं. त्या वाक्यानं मला एक घास धड खाऊ दिला नाही.

दिवाण म्हणजे तुमच्या राजकारणातला निम्मा माणूस होता. प्रचाराला तुम्ही पुढं, तो मागं. लेकरं त्याच्या मागं, लेकरांच्या मागं त्यांच्या आया. तुम्ही निवडून आलात तेव्हा चतुराबाई म्हणाली होती, "बाईला निम्मी मतं कुत्र्यानं आणली." पंचायतीच्या पायरीवर दिवाण दिसला की लोकांना कळायचं, सरपंचबाई आत हायत. न् त्याची ती सवय. तुमच्या घरून कोणी उठलं की त्याला पोचवायला जायचा. माणूस ज्या घरात शिरेल तिथं समोर बसून राहायचा.

सटवाजीनं तुमच्यावर आणलेल्या अविश्वास ठरावाच्या आदल्या दिवशी मी न् बसवंतभाऊ, आपल्या बाजूचे दोघे सदस्य, तुमच्याकडंच होतो. नऊ सदस्यांत त्याच्याकडं सहा जण होते, त्याला सात पाहिजे होते. आपण तिघं टिकलो तर ठराव पडणार होता. दिवस मावळायच्या आत आम्ही दोघं उठलो. भाऊ आपल्या पिठाच्या गिरणीकडं गेले. मी कुठं गेले ते तुम्हाला माहीत नाही.

मी सटवाजीच्या घरी गेले. गोठ्याच्या बोळातून शिरले, म्हणून कोणा माणसानं मला पाहिलं नाही. पण दिवाण मागं आलेला. तो बोळाच्या तोंडाशी, सटवाजीच्या ओट्यासमोर बसला. मी मागच्या शेतातून निघून घरी आले. तो तसाच बसून राहिला न् येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी त्याला तिथं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांनी चिठ्ठ्या टाकायला लावल्या. सात निघाल्या तुमच्या विरोधात. घरी येऊन तुम्ही मला विचारलंत, "दिवाण काल कोणाच्या मागं गेला होता गं?"

मी म्हणाले, "बसवंतभाऊंच्या मागं जाताना दिसला."

तुम्ही मान हलवली. एवढंच. पण दुपारपर्यंत ते सगळ्या गावात झालं. सटवाजीची बायको सरपंच झाली, कारभार सटवाजीचा, न् फुटीर म्हणून नाव बसवंतभाऊंचं. बायका दळण घेऊन शेजारच्या गावाला जायला लागल्या. भाऊ पारावर आले की लोक एकेक करून उठायचे. त्यांच्या लेकीच्या सोयरिकीला तुम्ही आला नाहीत. मी गेले होते. गोडाचं जेवण जेवून आले.

तुम्ही म्हणाल, का केलंस? मी इतके दिवस स्वतःला सांगत होते की सटवाजीनं ह्यांना टाकीवरून काढायची धमकी दिली होती. दिली होती, हे खरं आहे. पण तेवढ्यानं मी फुटले नसते. ह्यांनीच मला सांगितलं होतं, "गेली नोकरी तर गेली, तू ताईला सोडू नको."

खरं कारण लिहिते. जिल्ह्याहून साहेब आले होते ना अंगणवाडीची इमारत बघायला? त्या इमारतीच्या कागदांसाठी मी पाच महिने नांदेडला खेटे घातले होते. मी सदस्य होते ताई, तुमच्याइतकीच निवडून आलेली. तुम्ही साहेबांच्या पुढ्यात म्हणालात, "पुनम, साहेबांसाठी चहा टाक." मी चहा टाकला. परत आले तर फोटो निघाला होता. पेपरात छापून आला, इमारतीसमोर तुम्ही न् तुमच्या शेजारी दिवाण. चांगला फोटो होता. मी चूल फुंकत होते तोवर कुत्र्याला माझी जागा मिळाली, असं माझ्या मनानं घेतलं. चार महिने घेतलं. तुम्हाला एक शब्द बोलले असते तर तुम्ही माफी मागितली असती, हे मला आता कळतं. तेव्हा बोलले नाही, चिठ्ठी टाकली.

आता दिवाणचं. चौथ्या दिवशी तो बसवंतभाऊंच्या गिरणीत सापडला, चाळलेल्या कोंड्याच्या पोत्यावर. मी साखळी घेऊन गेले. भाऊ म्हणाले, "हा तर रोजच दुपारी येतो. या खेपंला पायात काटा मोडला होता, चालवंना, म्हणून ठिवून घेतला. तुमच्या घरी निरोप द्यावा तर माझ्याशी बोलतं कोण?"

त्यांनी काटा काढून हळद भरली होती. मी तिथंच खाली बसले न् सगळं सांगितलं. भाऊंनी पट्ट्यावरचं पीठ झटकलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "आपण दोघंच तर होतो. म्या टाकली न्हाई, मग कोण?"

"मग बोलला का नाहीत?"

"कोणी मानलं असतं? गावानं कुत्र्याला साक्षीदार केलं. ते बिचारं सरळ बसलं होतं, त्याच्या बसण्याचा अर्थ तुम्ही लावला." मग म्हणाले, "ताईनं येऊन विचारलं असतं तर सांगितलं असतं. ताईनं विचारलंच न्हाई."

हे तुम्हाला टोचेल. माझा गुन्हा हलका करायला लिहीत नाही. ते बोलले, म्हणून लिहिलं.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा झाली. झेंडा झाल्यावर, विषय वाचायच्या आधी मी उभी राहिले. म्हणाले, "मागच्या साली सातवी चिठ्ठी माझी होती. दिवाण माझ्या मागं गेला होता. बसवंतभाऊंवर आळ मी घेतला." ग्रामसेवकानं विचारलं, हे इतिवृत्तात लिहू का? मी म्हणाले, लिहा.

सटवाजी मोबाईलात बघून राहिला. मला वाटलं, आता शिव्या. मग चतुराबाई काठी टेकत उठली न् बसवंतभाऊंपुढं जाऊन म्हणाली, "बसवंता, माझं ज्वारीचं दळण हाय. उद्या टाकू का?"

भाऊ म्हणाले, "हाव, टाक की मावशी."

ताई, परवा सकाळपासून गिरणी चालू आहे. ओट्यावर डबे, पायल्या, पिशव्यांची रांग. काही बायका माझ्याशी बोलत नाहीत, ते ठीकच आहे. ह्यांनी मला रात्री भाकरी वाढून दिली. न् मी सव्वा वर्षानं सकाळी उठवावं लागेल इतकी झोपले. मनावरचं जातं उतरलं.

सदस्यपदाचा राजीनामा लिहून ठेवलाय. भाऊ म्हणतात, अंगणवाडीचं छत गळतंय, आधी ते करून घ्या, मग काय ते द्या. तुम्ही सांगाल तसं करीन.

भाऊंच्या लेकीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. त्यांनी पत्रिकेसाठी तुमचा पत्ता मागितला, मी दिला. तुम्ही त्यांच्या दारी आधी या. माझ्या दारी यायचं की नाही ते तुमच्यावर. नाही आलात तर दिवाणला मी तिथं घेऊन येईन, तुम्हाला भेटवीन न् दूर उभी राहीन.

माफी भाऊंची मागितली. तुमची कागदावर मागायची नाही, समोर मागायची आहे.

तुमच्या विश्वासाला न पुरलेली, पण आज तुमच्यापासून काही लपवलेलं नाही अशी,
पुनम