काचेवरचं नाव

सुंदरराव आण्णा, रामराम.

हे तुमाला धाडायची छाती न्हाई. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून नुसतं लिहितोय. तुमची जुनी डिझेल गाडी घेतली तवा काचेवरचं तुमचं नाव मी मुद्दाम ठिवलं. लोक उठून नमस्कार करायचे, लई बरं वाटायचं.

आज आईच्या छातीत कळ आली. बीडला निघालो आन् मांजरसुंब्याच्या घाटात गाडी बंद पडली. मी हात करायचो; लोक तुमचं नाव बघून हात जोडायचे आन् पुढं जायचे. आण्णांची गाडी अडंल, हे कुणाच्या ध्यानातच येईना.

शेवटी चावीनं नाव खरडून काढलं, तवा एक टेम्पो थांबला.

डॉक्टरनं टेम्पो बघून इचारलं, उशीर कावून केला, घरी गाडी न्हाई का?

मी न्हाई म्हणलो. आई अजून डोळे उघडंना.

तुमचा,
आदिनाथ, युसूफ वडगाव