सम्राटाचा विश्वासघात

३ नोव्हेंबर
आजपासून समाजसेवा. भरवेलीच्या खाणीत चौतीस वर्षं ऑफिसात बडेबाबू म्हणून रिटायर होणाऱ्यांकडून क्वार्टरांचे चार्ज घेतले, माणसं भरपूर पाहिली. माणसांत आता राम राहिला नाही. रिटायर होताना ट्यूबलाइटसुद्धा उतरवून नेतात, म्हातारा कुत्रा मात्र पायरीवर सोडून जातात. तेव्हा 'वृद्ध श्वान सेवा सदन, बालाघाट'. बोर्ड रंगवायला दिला. कुत्रे दहा ठेवायचे. सौ. दुर्गा म्हणाली, आधी एक तं आना.

५ नोव्हेंबर
एक आणला. कॉलनीतल्या बंद क्वार्टरपाशी बसून होता. पिवळट, तेराएक वर्षांचा, मागचे पाय अधू, तोंडाला वास. नाव ठेवलं सम्राट. माझ्याकडे अशा कृतज्ञ नजरेने पाहिलं की मलाच संकोच वाटला.
संकल्प: पहाटे पाचला फिरवणे. मालिश. औषध स्वतःच्या हाताने.

६ नोव्हेंबर, सकाळी साडेआठ
थंडी फार. फिरवणं उद्यापासून. आज दुर्गा फिरवून आली.

१४ नोव्हेंबर
ट्रेनिंगला यश. 'बस' म्हटलं की बसतो. 'ऊठ'वर अजून काम बाकी आहे.

१५ नोव्हेंबर
जनावरांचा डॉक्टर म्हणतो, कंबर गेलीय, उभं राहवत नाही म्हणून बसतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिसत काहीच नाही. डॉक्टर नवीन दिसतो.

२ डिसेंबर
गोळी देताना माझ्या बोटाला दात लागला. चावला नाही, लागला. तीच गोळी दुर्गाच्या हातून भातात कालवून मुकाट खातो. झोपतोही तिच्या जुन्या लुगड्यावर, तिच्या खाटेजवळ. मी माझा स्वेटर अंथरला तर त्यावर मुतला. मनाला लागलं. सध्या माझ्याकडे फक्त सुपरविजन.

२१ डिसेंबर
सम्राट रोज दुपारी चारला फाटकाशी घसटत जाऊन कान टवकारतो. दुर्गा म्हणाली, कोनाची तरी वाट पाहून राह्यला. मी म्हटलं, माझी. ती म्हणाली, तुमी तं घरातच आहा.
चौकशी केली. ते बंद क्वार्टर खाणीतल्या ड्रिलवाल्या भैयालालचं. मागच्या वर्षी रिटायर होऊन कटंगीला गेला. पहिली पाळी सुटली की चारला घरी यायचा म्हणे. म्हणजे माझं खाऊन वाट त्याची. भैयालालला फोन करून सांगितलं, तुझा कुत्रा माझ्याकडे आहे, समोर ये, दोन शब्द बोलायचे आहेत. येतो बाबूजी, एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. लाजला असणार.

२३ डिसेंबर
भैयालाल बसने आला. फाटकातूनच नुसतं म्हणाला, काय रे बुढ्ढ्या. जो माझ्या 'ऊठ'वर दीड महिन्यात कधी उठला नाही, तो उठला, पडला, पुन्हा उठला, शेपूट हलवत त्याच्या पायांवर जाऊन कोसळला. खाल्ल्या मिठाला जागला नाही.
मी तयार केलेलं भाषण सुरू केलं. मुक्या जिवाला टाकून जाताना लाज नाही वाटली? भैयालाल खालच्या आवाजात म्हणाला, बाबूजी, टेम्पोत जागा नव्हती. तुमीच म्हनलं, राहू दे त्याले, मी पाठवून देतो. मंग म्या फोन केलता, तं तुमी म्हनलं, मेला तुहा कुत्रा.
असं म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हटलं असेन तर कामाचा ताण असणार. शिवाय चार्जच्या फॉर्मात कुत्र्याचा रकानाच नसतो.
दुर्गाने आत जाऊन गोळ्या आणि लुगडं पिशवीत भरून भैयालालला दिलं.
मी रीतसर कागद केला: कुत्रा, नग एक, चालू स्थितीत दिला. भैयालालने घेणाऱ्याची सही केली. देणाऱ्याची मी करणार तर दुर्गाने पेन काढून घेतलं. म्हणाली, खाऊपिऊ म्या घातलं, सही मी करतो.
ऑटोत सम्राट भैयालालच्या मांडीवर. मी दोनदा हाक मारली. कान आहेत त्याला चांगले.

२४ डिसेंबर
बोर्ड तयार होऊन आला. तूर्त कोठीत.
कटंगीहून भैयालालचा फोन आला, दुर्गाशीच बोलला. म्हातारा दोनदा भात खाऊन उन्हात झोपलाय. मी दुर्गाला विचारलं, माझ्याबद्दल काही विचारलं का? ती म्हणाली, कोनं, भैयालालनं का कुत्र्यानं?
दोघांपैकी कोणीही चाललं असतं.